बाई, हे ऐकायचं कसं?

या महिन्याच्या पत्रांत गाणं, सिनेमा, पुस्तकं, संग्रहालयं असं सगळंच आलं आहे. पत्रं थोडी आखूड केली, प्रश्न मात्र ज्याचा त्याच्या शब्दांत ठेवला. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. फोंड्यात माझ्याकडे गाणं शिकायला येणारी मुलंही नेमकं हेच विचारतात, आणि याला दोन ओळींत उत्तर देणं मला पटत नाही.

वाळपईहून कॉलेजात शिकणारा एक वाचक: बाई, आपल्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज अंतराळात गेलाय हे शाळेत असल्यापासून ऐकतोय. परवा मोबाईलवर ते गाणं शोधलं. साडेतीन मिनिटांत संपलं. खरखर होती, शब्द नीट कळले नाहीत आणि खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. घरी हे बोललो तर बाबा रागावले. माझं काय चुकतंय?

तुझं काहीच चुकत नाही. वाटलं नसताना वाटल्याचं सांगितलं असतंस तर मला वाईट वाटलं असतं. बाबांचा रागही मनावर घेऊ नकोस. फोंडा तालुक्यातल्या केरी गावात १८९२ साली जन्मलेल्या एका बाईचा आवाज तिथवर गेला, याचा त्यांच्या पिढीला फार अभिमान आहे, आणि तो रास्त आहे.

आधी ते गाणं तिथं कसं पोचलं ते बघू. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नासानं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे आणि तिच्यावर जगभरातलं निवडक संगीत आहे. त्यात भारतातून एकच गाणं घेतलं गेलं, केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

आता साडेतीन मिनिटांचं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर एवढंच मावायचं. मैफिलीत जो राग तासभर मांडायचा, तो गवयाला तबकडीसाठी तेवढ्यात आवरावा लागे. त्यामुळे तू ऐकलंस ते आटवलेलं आहे. आलापाला पसरायला जागा नाही, बंदिश आली की लगेच ताना, आणि संपलं. जाणकाराला यात सगळं दिसतं, कारण जे गाळलंय ते त्याच्या कानात आधीपासून असतं. नवख्याला दाटी होते, ती होणारच.

म्हणून असं कर. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नकोस, बरा हेडफोन घे. पहिल्या वेळी शब्द सोडून दे. फक्त षड्ज, म्हणजे सा, शोध. गाणं पुन्हा पुन्हा जिथं येऊन टेकतं तो स्वर स्वतः गुणगुणून धर आणि शेवटपर्यंत सोडू नकोस. भैरवीत रे, ग, ध, नी चारही कोमल, त्यामुळे सा पक्का धरलास की बाकीचे स्वर त्याच्याकडे कसे झुकतात ते आपोआप जाणवायला लागेल. दुसऱ्या वेळी आवाजाचा लगाव, म्हणजे तो कसा लावलाय ते, ऐक. खुला ‘आ’कार आहे, आणि वर जाताना आवाज कुठंही बारीक होत नाही. खालच्या स्वराला जेवढं वजन, तेवढंच वरच्या. गात असशील तर एकदा तसं करून बघ म्हणजे ते किती अवघड आहे ते कळेल. तिसऱ्या वेळी श्वास शोध. तान कुठं सुटली, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कशी आली, मध्ये दम कुठं घेतला. मी आजही तिथंच अडकून बसते.

हे सगळं जयपूर-अत्रौली घराण्याच्या तालमीतून आलेलं. उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांकडे केसरबाई १९२१ पासून शिकल्या. या भैरवीनंतर त्यांचा नट-कामोद ऐक, मग ललत, मग मालकंस. त्याच गुरूंकडे शिकलेल्या मोगूबाई कुर्डीकर मग लगेच ऐक. दोघी गोव्याच्या, दोघींची तालीम एका घरची, पण चाल निराळी. मोगूबाईंची लयीवरची पकड आणि स्वराला घातलेली माया मला जास्त जवळची वाटते. कुणी केसरबाईंचं नाव घेईल; दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं गोव्यात घराघरांत होती. त्यानंतर मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई आमोणकर. आईकडून घेतलेलं त्यांनी केवढं पुढं नेलं हे तुला तेव्हाच कळेल.

एक सिनेमाही सुचवते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला. ख्याल शिकणाऱ्या एका मुलाची गोष्ट आहे, तुझ्याहून थोडा मोठा. त्यात गुरूची भूमिका करणारे अरुण द्रविड हे खरोखरच मोगूबाईंचे आणि किशोरीताईंचे शिष्य. म्हणजे पडद्यावरच्या तालमीतही मोगूबाईंच्या कुर्डी गावचं गाणं आहे.

आणि यंदा कला अकादमीत केसरबाईंच्या नावाचा संगीत समारोह भरेल तेव्हा बाबांना घेऊन जा. एका गवयाचं पहिल्या आलापापासून शेवटच्या तानेपर्यंत सगळं ऐका, मध्ये चहाला उठू नका. घरी येऊन ती साडेतीन मिनिटं पुन्हा लाव आणि काय वाटलं ते मला कळव. पुन्हाही काही वाटलं नाही, तरी कळव.

पेडण्याहून एक वाचक: ‘दशावतार’ सिनेमा आम्ही घरचे सगळे मिळून बघितला, मुलांना तर फारच आवडला. पण आमच्या जत्रेला दशावतारी नाटकाची कंपनी येते तेव्हा हीच मुलं चौकात फिरकत नाहीत. रात्री एकनंतर पुढं म्हातारी माणसंच उरतात. काय करावं?

सिनेमाचे उपकार माना आणि त्याचा लगेच उपयोग करा. २०२५ साली आलेल्या सुबोध खानोलकरांच्या या सिनेमात दिलीप प्रभावळकरांनी म्हातारा दशावतारी कलावंत उभा केला. मुलांच्या डोक्यात तो चेहरा आहे तोवर त्यांना रंगपटात न्या. नाटकाला नव्हे, आधी रंगपटात. कलावंत स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतात, पुरुष नऊवारी नेसून बघता बघता राणी होतो, पेटाऱ्याची पूजा होते. कंपनीच्या मालकांना विचारलंत तर कुणी नाही म्हणणार नाही. मुलांना एवढंच सांगा की आजच्या आख्यानाची लिहिलेली संहिता कुणाकडेच नाही. कुठलं आख्यान लावायचं, कुणी काय व्हायचं हे संध्याकाळी ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभं राहून सुचतात. हे ऐकल्यावर माझ्या वर्गातली मुलं अवाक् झाली होती. पाठांतराची सवय लागलेल्या मुलांना याहून मोठं नवल नाही.

रात्रभर बसवायचा हट्ट नको. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर एवढा सुरुवातीचा आड दशावतार बघून लहानांना घरी नेलंत तरी चालेल. संकासुर मालवणीत गावातल्याच गोष्टींवर बोलतो, मुलं त्याच्यासाठी पुढच्या वर्षी आपणहून येतील. एक विनंती देवस्थान समितीला पोचवा. कर्णे एवढे मोठे लावू नयेत. पेटी, पखवाज आणि झांज यांचा मेळ चौकात मुळातच भरून राहतो. कर्ण्यांतून तो नुसता गोंगाट होतो.

सांग्याहून एक शिक्षिका: सातवीच्या चाळीस मुलांना एका दिवसात जुन्या गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालय, ख्रिस्ती कला संग्रहालय आणि पणजी दाखवायची आहे. मागच्या सहलीत मुलं काचेच्या कपाटांपुढून नुसती चालत गेली. क्रम कसा ठेवू?

पणजी काढून टाका. आणि जुन्या गोव्याच्या आधी एक अर्धा दिवस तुमच्याच तालुक्याला द्या. बस भाड्याचे पैसेही वाचतील.

रिवणजवळ कुशावतीच्या काठावर उसगाळीमळला जांभ्याच्या कातळावर कोरलेली चित्रं आहेत. १९९३ च्या सुमारास ती जगापुढं आली. शंभरांहून अधिक आकृत्या: बैल, हरणं, माणसं, आणि एकात एक वर्तुळांचा तो मोठा चक्रव्यूह. पाऊस सरल्यावर न्या, आणि सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर न्या. डोक्यावर ऊन असलं की कोरलेल्या रेषा दिसतच नाहीत. तिरपा प्रकाश पडला की खाचांत सावली धरते आणि बैल कातळातून वर येतो. मुलांना तिथं काही समजावून सांगू नका. प्रत्येकाला एक आकृती निवडून वहीत काढू द्या. ती काढणारा कोण होता, त्याच्याकडे कुठलं हत्यार असेल, हे प्रश्न मुलंच विचारतील.

परत येताना साळावली धरणाकडे थांबा. धरणाखाली कुर्डी गाव गेलं, तेव्हा तिथलं कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ दगडन् दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारलं. मुलांना देवळाच्या भिंतीला हात लावू द्या आणि विचारा, हे उतरवताना कुठला दगड कुठला हे कारागिरांनी कसं लक्षात ठेवलं असेल? कुर्डी म्हणजे मोगूबाईंचं जन्मगाव. वर वाळपईच्या मुलाला जे लिहिलं ते वर्गात वाचून दाखवलंत तर मला आवडेल. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाच्या खुणा वर येतात आणि कुर्डीची माणसं तिथं पुन्हा जमतात, हेही मुलांच्या कानावर घाला. काहींच्या आजोळी याच्या आठवणी निघतील.

मग जुनं गोवं. शुक्रवार टाळा, पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. सकाळी तिथं थेट वीरगळांकडे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांकडे न्या. वीरगळ वाचायला शिकवलात की अर्धं काम झालं. खालून वर वाचायचं. तळाच्या चौकटीत लढाई, त्यात वीर पडतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं बसलेला. एकदा हे कळलं की मुलं प्रत्येक दगडापुढं उभी राहून गोष्ट सांगायला लागतात. नौकांची लढाई कोरलेला वीरगळ चुकवू नका. गोपकपट्टण ही कदंबांची बंदराची राजधानी होती, त्यांचं बळ समुद्रावर होतं, हे पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदापेक्षा तो एक दगड जास्त सांगतो. व्हाइसरॉयांची तैलचित्रं वरच्या मजल्यावर ओळीनं लावली आहेत; तिथं पाच मिनिटं पुरेत.

जेवणानंतर सांता मोनिका कॉन्व्हेंट. ख्रिस्ती कला संग्रहालय आधी राशोलच्या सेमिनरीत होतं, २००२ पासून इथं आहे. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ साली पुन्हा उघडल्यापासून मांडणी फार देखणी झाली आहे. तिथं चांदीचा पेलिकन पक्षी आहे, परमप्रसाद, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद, ठेवण्यासाठी घडवलेला. स्वतःच्या छातीचं रक्त पिल्लांना पाजणारा पक्षी अशी त्याची कथा. असं रक्त पाजताना तो कुणीच कधी पाहिलेला नसणार, तरी कारागिरानं तो घडवला. देवळातल्या पालख्या आणि प्रभावळी घडवणारे हात आणि हे हात एकाच गावचे असू शकतात, एवढं सांगा आणि नक्षीतली वेल, पानं, फुलं मुलांना शोधू द्या. तुमच्या वर्गात दोन्ही धर्मांची मुलं असतील. आपल्या घरच्या देव्हाऱ्यात किंवा आल्तारवर (वेदीवर) असंच काही आहे असं कुणी म्हणेल, तेव्हा त्याला पूर्ण बोलू द्या.

मडगावहून एक आई: मुलगी ‘कट्यार काळजात घुसली’ सिनेमातली गाणी शिकली आहे. मूळ नाटक जुनं, ते कशाला ऐकायचं असं म्हणते. तिला काय सांगू?

सिनेमा बघून ती गायला लागली, तर सिनेमाचं फार भलं केलंत म्हणून मी सुबोध भावे यांना मनापासून धन्यवाद देईन. २०१५ साली त्यांनी हे धाडस केलं. पण तिला नाटकाचं ध्वनिमुद्रण जरूर ऐकवा, आणि कारण देऊन ऐकवा.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ चं. संगीत आपल्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं. वडील देवळात कीर्तन करायचे, मुलगा त्या टाळ-चिपळ्यांत वाढला आणि मग अनेक गुरूंकडे शिकत फिरला. म्हणून दोन घराण्यांचं भांडण त्यांना चालींतून मांडता आलं. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद नाटकात दोन वेगळ्या चालींत येतं. मुलीला दोन्ही लागोपाठ ऐकवा, शब्द तेच ठेवून स्वभाव कसा बदलतो ते विचारा. वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब आणि मूळ डिचोलीचे प्रसाद सावकार यांचा सदाशिव, दोन्ही आवाज ओळखता यायला हवेत. सिनेमात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेबांसाठी गायले आणि अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे सदाशिवसाठी. म्हणजे तिला आवडलेलं गाणं त्याच घरांतून चालत आलेलं आहे. नाटकातला आवाज कच्चा, माइकपासून दूर गेलेला, प्रेक्षकांची दाद मध्येच येणारी. मला तर ती दाद फार शिकवते. कुठल्या जागेवर लोक हलले ते कळतं.

त्यानंतर ‘मत्स्यगंधा’तली पदं. संगीत अभिषेकींचंच, १९६४ चं, आणि गळा आपल्या म्हापशाच्या रामदास कामतांचा.

काणकोणहून एक वाचक: आईला आता डोळ्यांनी दिसत नाही. ती वाचनवेडी होती. रोज रात्री तिला गोव्याचं काही मराठी वाचून दाखवायचं आहे. कुठून सुरू करू?

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. महादेवशास्त्री जोशी यांच्या कथांपासून सुरू करा. सत्तरीतल्या आंबेड्याचे ते. भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड उभे करणारा हा माणूस कथा मात्र शेजारी बसून सांगावी तशी लिहितो. देऊळ, पूजा, सोवळं, घरातल्या बायकांची घुसमट, सगळं आईच्या ओळखीचं असेल. एका रात्रीत एक कथा होते. कथा संपल्या की त्यांचं ‘आत्मपुराण’. गोवामुक्तीच्या लढ्यात त्यांच्या पत्नी सुधाताईंनी तुरुंगवास भोगला, त्या काळाची आईला स्वतःची आठवण असेल तर वाचन थांबवा आणि तिला बोलू द्या.

कवितेसाठी बाकीबाब, म्हणजे बा. भ. बोरकर. बोरकरांची कविता डोळ्यांनी वाचायची नव्हेच, ती मोठ्यानं म्हणायची. मराठी आणि कोकणी दोन्ही आलटून पालटून म्हणा.

आणि धीर असेल तर फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’. इंग्लंडहून आलेल्या या जेझुइट पाद्र्यानं सुमारे अकरा हजार ओव्या मराठीत रचल्या. १६१६ साली राशोलला त्या रोमन लिपीत छापल्या गेल्या. त्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही. हस्तलिखितांवरून ते १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. देवनागरीत १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी आणलं. सगळं वाचायची गरज नाही. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत ज्या कानांनी ऐकलं त्यांना ती ओवी परकी वाटणार नाही. तालुक्याच्या वाचनालयात मिळालं नाही तर पणजीत पाटोला कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात विचारा. १८३२ पासून चालत आलेली संस्था आहे, आणि तिथला कर्मचारीवर्ग मदत करतो हा माझा अनुभव.

डिचोलीहून आरती मंडळातला एक तरुण: आरतीत वाजवायच्या घुमटाला, आमच्या मातीच्या वाद्याला, बकऱ्याचं चामडं लावल्यापासून गणेश चवथीत आवाज बसतो. जुने म्हणतात घोरपडीच्या चामड्याशिवाय घुमट नाही.

घोरपड मारणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि तो योग्यच कायदा आहे, त्यावर वाद नको. चवथ भर पावसात येते, बकऱ्याचं चामडं ओल धरणारच. वाजवण्याआधी लांबून धग द्या, आरत्यांच्या मधल्या वेळात घुमट कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. आणि अर्धा आवाज तर लहान तोंडावरच्या डाव्या तळव्यात असतो, तो उघडझाप करायला नीट शिका. २०१९ साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. पण गावातल्या जुन्या घुमटकारांचे ठेके कुणी उतरवून घेतले नाहीत, तर तो मान घेऊन काय करणार? तुमच्याकडे मोबाईल आहे. या चवथीआधी त्यांच्या घरी जा.

ताळगावहून एक वाचक: डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवात पणजीभर फिरते. सगळं बघायचं म्हणून धावते आणि घरी आल्यावर काही आठवत नाही.

यंदा एका दिवशी एकच जागा ठरवा. तिथलंही एकच दालन. ज्या चित्रापुढं पाय थांबले त्याच्याकडे बघत राहा, फोन पिशवीत ठेवा, मग शेजारची पाटी वाचा. पाटी आधी वाचली की डोळा तीच शोधत बसतो.

आणि महोत्सव संपल्यावर, कुठलीच गर्दी नसताना, पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं बघा. जन्म १९०२ साली सांत इस्तेव्हला, शिक्षण शांतिनिकेतनात, पुढचं आयुष्य पुण्यात. त्यांची मारिया, येशूची आई, साडी नेसते आणि आपल्या गावातल्या कुठल्याही आईसारखी बसते. त्या काळी यावर इथल्या लोकांनी त्यांना बरेच बोल लावले, म्हणूनच त्यांना गोवा सोडावा लागला असं म्हणतात. चित्रं सगळी एकाच वेळी मांडलेली नसतात, त्यामुळे जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा आणि कुठली बघता येतील ते विचारून घ्या.